राउटिओंच्या घरामागची तुटक रेघ

टोकाना नदीवर दार कुणी वाजवत नाही. येणारा माणूस नदीच्या वळणापासूनच हाका मारत येतो, म्हणजे अस्वल समजून कुणी बंदूक उचलू नये. मग दार ढकलून तो थेट चुलीपाशी येऊन बसतो. त्यामुळे जूनमधल्या त्या सकाळी दारावर सभ्यपणे टकटक झाली, तेव्हा हिल्मा राउटिओने झारा तव्याच्या कडेवर आपटला.

"आला," ती म्हणाली. "आणखी एक नकाशावाला."

सकाळ तशी आधीच बिघडलेली होती. पीठ कालवायची परात जागेवर नव्हती. मुळात ती सोनं धुवायची परात, हे खरं. पण लग्नानंतर तिच्या नवऱ्याने, टाउनोने, ती स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात टांगली होती, आणि तरी दर उन्हाळ्यात ती एखाद्या पहाटे गुपचूप घराबाहेर पडायची आणि रेतीने खरवडून परत यायची. हिल्माने शेवटी आंबवणाचं पीठ धुण्याच्या बादलीत कालवलं होतं.

"तुझ्या पराती आहेत ना दोन?"

"गंजल्यात. आणि तू हिला लोणी फासून ठेवतेस," टाउनो म्हणाला. "तेलकट परातीत बारीक सोनं तरंगतं आणि पाण्याबरोबर जातं. मला ती आधी आगीवर जाळून घ्यावी लागते."

"मग तुला काय वाटलं, मी लोणी कशासाठी फासते?"

तेवढ्यात ती टकटक. टाउनोने लगेच बुटांकडे हात नेला. नकाशावाला आला की त्याला बाहेर काहीतरी तातडीचं काम निघायचंच.

दारात चष्मा लावलेला, किडकिडीत, मध्यमवयीन माणूस उभा होता. टोपीवरची डासांची जाळी मागे टाकलेली, काखेत चामड्याची लांबट पेटी.

"माफ करा, सकाळी सकाळी त्रास देतोय. मी क्लिफर्ड नूनन. या भागाच्या नकाशासंबंधी—"

"माहीत आहे," हिल्मा म्हणाली. "वाट विचारायला आलात. वाट नाही. आत या, बूट काढा, धिरडी गरम आहेत."

टोकानावर दारी आलेल्याला आधी जेवू घालायचं, मग वाटलं तर विचारपूस. ही रीत मोडायची हिल्माची प्राज्ञा नव्हती, आणि खरं म्हणजे त्यातच तिच्या आयुष्याची अर्धी कटकट होती. कारण येणाऱ्या प्रत्येकाकडे तोच एक जुना नकाशा असायचा. त्यावर नदीच्या काठी एक काळा चौकोन, म्हणजे राउटिओंचं घर, आणि चौकोनाच्या मागून निघून डोंगर ओलांडून पलीकडच्या पितळी ओढ्याला उतरणारी एक तुटक रेघ, म्हणजे पायवाट. चौकोन खरा होता. रेघ टाउनोची होती.

तीस वर्षांपूर्वी ही नदी माणसांनी गजबजलेली होती. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी तंबू, लाकडी पन्हळी, रेतीचे ढीग. आणि सगळ्यांचा एकच शिष्टाचार: आपण कुठे खणतो ते खरं सांगायचं नाही. कुणी विचारलं की उलटी दिशा दाखवायची. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. टाउनोने पूर्वेला बोट केलं की लोक मान डोलवायचे आणि पश्चिमेला नजर टाकायचे. असं सगळेच खोटं बोलत, म्हणून कुणाचंच बिघडत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात सरकारी मोजणीदार घोडी घेऊन आला आणि त्याने टाउनोला विचारलं, तुमच्या घरामागून वाट कुठे जाते? टाउनोने डोंगराकडे बोट केलं. तो माणूस बाहेरचा, त्याला शिष्टाचार कोण शिकवणार? त्याने जसं ऐकलं तसं काढलं. नदीवर त्या हिवाळ्यात सगळे पोट धरधरून हसले.

पुढे सोनं आटलं, माणसं गेली, गाळ उपसायचं अवजड यंत्र वरच्या वळणाला गंजत पडलं. हसणारे सगळे पांगले, रेघ मात्र छापून राहिली. शिकारी आले, हौशी सोनेवाले आले, सबंध बायबल पाठ असलेला एक पाद्री आला. सगळे त्या रेघेवरून चढाला लागायचे आणि दोन टेकड्यांपलीकडच्या दलदलीत जाऊन बसायचे. वर शेवाळाची हिरवी गादी, खाली बर्फाचं पाणी आणि तळ नसलेला चिखल. हिल्मा दोर आणि फळी घेऊन जायची, त्यांना ओढून काढायची, मोजे वाळत घालायची, जेवू घालायची. टाउनो अशा वेळी कधी घरी नसायचा. तो त्याच्या ओढ्यावर असायचा, आणि तो ओढा कुठे आहे हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

गेल्या शरदात एक शाळामास्तर आला. हिल्मा नेमकी त्या दिवशी खाली, लांबच्या वस्तीत मासे धुरावर वाळवायला गेलेली. ती परतली तोवर मास्तराने त्या चिखलात एक रात्र काढली होती, आणि त्या रात्री पहिल्यांदा पाणी गोठलं होतं. त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली. टाउनो त्या रात्री ओढ्यावर होता. वारा असा होता, की दलदलीतल्या हाका दूरवर जाव्यात. त्याला हाका ऐकू आल्या का, हे हिल्माने विचारलं नव्हतं. त्यानेही आपण होऊन काही सांगितलं नव्हतं.

"तसं नाही, मिसेस राउटिओ," नूनन धिरड्यावर बेरीचा मुरांबा पसरत म्हणाला. "मी वाट विचारायला नाही आलो. नवा नकाशा करायला आलोय. विमानातून सबंध नदीचे फोटो काढून झालेत. आता जमिनीवर येऊन नावं, वाटा, घरं ताडून बघायची. काल हेलिकॉप्टरने वाळूवर उतरवलं आम्हाला."

हिल्माने तवा चुलीवरून खाली काढला. पाहुण्यासमोर ती कधी बसत नसे, आता बसली.

"नवा नकाशा? म्हणजे जुन्यातलं चुकलेलं काढून टाकता येतं?"

"त्यासाठीच तर आलो."

"मग आधी ती आमच्या मागची रेघ काढा. तिथे वाट नाही. कधीच नव्हती. आणि जमलं तर आमचं घरही काढा. मला एकदा तरी माझं धिरडं गरम असताना खायचंय."

नूनन हसला. "घर कसं काढू? घर तर आहे. वाटेचं मात्र बघता येईल. जुन्या नकाशावरचं काही बदलायचं तर स्थानिक दोघांची साक्ष लागते, दोघांचं एकमत हवं. इथे जवळपास आणखी कोण राहतं?"

"कोण राहणार? मी आणि हा."

दोघांनी टाउनोकडे पाहिलं. टाउनो एका बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी बराच वेळ बांधली जात होती.

"वाट आहे," तो म्हणाला.

"टाउनो!"

"आहे म्हणजे आहे. सरकारने छापलीय."

"सरकारने तुझ्या तोंडून ऐकून छापलीय, गाढवा!"

"बघा," टाउनो नूननला म्हणाला. "एकमत नाही. राहू द्या आहे तशी."

हिल्माला त्याचा डाव कळत होता. ती रेघ पुसली की नकाशावर त्यांच्या घरामागे सगळी जागा मोकळी दिसणार. मोकळी जागा दिसली की कुणीतरी विचारणार, मग हा म्हातारा रोज जातो कुठे? ती खोटी वाट म्हणजे त्याच्या खऱ्या वाटेवरचं झाकण होतं. आणि त्याच्या त्या गुप्त ओढ्यात तरी काय ठेवलंय? सबंध उन्हाळा धुऊन जे निघायचं त्यात वर्षाची कॉफी आणि काडतुसंसुद्धा धड निघत नसत. पण टाउनोला वाटायचं, आणखी जरा वर, पुढच्या वळणाला, खडकाखाली. आयुष्यभर त्याचं सोनं पुढच्याच वळणाला होतं.

"खरं सांगू का," नूनन अवघडून म्हणाला, "यात मिस्टर राउटिओंचं म्हणणं अगदीच चूक नाही." त्याने पेटी उघडली, दोन फोटो शेजारी शेजारी मांडले आणि त्यांवर चार पायांचा, फोटोंना उठाव देणारा छोटा चष्मा ठेवला. "यातून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवा. थोडा वेळ द्या."

हिल्माने डोळे लावले. आधी नुसता करडा गोंधळ. मग एकदम डोंगर उठून उभे राहिले. नदी खाली खोल गेली. आणि काठावर, अगदी नखाएवढं, तिचं घर वर आलं. मागे उंच खांबांवरची धान्याची खोली होती, सरपण होतं, दोरीवर काहीतरी पांढरं होतं.

"अगं बाई, चादरी वाळत घातल्यात मी," ती पुटपुटली.

"आता घराच्या मागे बघा."

घरामागून एक बारीक, फिकट रेघ निघाली होती. दोन टेकड्या चढून दलदलीपर्यंत, आणि पलीकडून पुन्हा डोंगराच्या माथ्याकडे.

"म्हणून म्हटलं," नूनन म्हणाला. "वाट दिसते. पलीकडचा तुकडा मला जरा संशयास्पद वाटतो, एकीच्या दहा होतात आणि पुन्हा जुळतात. रेनडिअरचे कळप तसे चालतात. पण अलीकडची माणसाचीच आहे. वर्षानुवर्षं कुणीतरी नेमाने त्यावरून चाललंय."

टाउनोचा चेहरा उजळला. "बघ! मी काय म्हणत होतो?"

हिल्माने चष्म्यावरून मान वर केली नाही. कोण चाललंय? चार दोन मूर्खांनी एकदा जाऊन वाट पडत नसते. प्रत्येक मूर्खामागे ती गेली होती. जाताना फळी घेऊन, येताना माणूस घेऊन. मग राहिलेला बूट आणायला, मग राहिलेली बंदूक आणायला. आणि वाटेत लालचुटूक बेरी लागतात म्हणून शरदात पुन्हा. ती रेघ तिच्याच पायांनी पडली होती. नवऱ्याने मारलेली थाप तिने तीस वर्षं चालून चालून खरी केली होती.

तिने चष्मा बाजूला सारला आणि कधी नव्हे ती रडवेली झाली, पण रागाने.

"नूननसाहेब, ती वाट माझी आहे. बुडालेल्या माणसांना काढायला मी जाते, म्हणून पडलीय. तिच्या टोकाला काही नाही. दलदल आहे."

"फोटोत तर कुरण दिसतंय. सपाट, हिरवं." नूननने नाकावरचा चष्मा पुसला. "तसं असेल तर प्रॅट सांगेलच. माझा सहकारी. ऑर्विल प्रॅट. मी म्हटलं, मी घरी विचारतो, तू तोवर वाट चालून बघ. पहाटेच गेलाय वर."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"वाटेवरून?" हिल्माने विचारलं.

"हो. जड माणूस आहे, पण चालायला पक्का."

"किती जड?"

नूननने हातांनी माप दाखवलं. दार त्या मापाचं नव्हतं.

हिल्मा उठली. खुंटीवरचा दोर घेतला, बूट चढवले. तिच्या वाटेने दलदलीच्या अलीकडच्या काठाला पोचायला दुपार झाली असती. आणि शेवाळाची गादी काठाशी माणूस पेलते, फुटते ती पार मधोमध, तिथवर या काठावरून दोर पोचत नाही. मास्तराच्या वेळीही पोचला नव्हता. तेव्हा सबंध वळसा घालून जावं लागलं होतं. तिने फक्त टाउनोकडे पाहिलं. गेल्या शरदापासून न विचारलेलं सगळं त्या बघण्यात होतं.

टाउनोने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. उठला. काही क्षण दारात उभा राहिला, जणू बाहेर हवा कशी आहे ते बघत होता.

"पन्हळीच्या जुन्या फळ्या घ्या," तो म्हणाला. "दोघांनी दोन. आणि माझ्या मागून या. इकडे तिकडे बघू नका."

"इकडे तिकडे म्हणजे?" नूननने विचारलं.

"म्हणजे मी कुठून जातोय ते बघू नका."

तो घराला वळसा घालून संडासाच्या मागे गेला, रचलेल्या फांद्यांचा ढीग पायाने बाजूला सारला, आणि तिथून जुन्या खाणकामगारांचा पाण्याचा पाट सुरू झाला. कोरडा, सपाट, झुडपांखाली झाकलेला, डोंगराच्या कुशीतून आडवा जाणारा. त्यावर रोजच्या चालण्याने जमीन गुळगुळीत झाली होती. तीस वर्षं हिल्मा त्या फांद्यांच्या ढिगाशेजारून दिवसातून कितीदा तरी गेली असेल.

"संडासामागे!" ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटायचं तुझं पोट बिघडलेलं असतं."

"चाल मुकाट्याने."

तासाभरातच ते दलदलीच्या वरच्या अंगाला, खडकाळ कडेवर पोचले. माणूस दिसायच्या आधी ऐकू आला. प्रॅट बोलत होता. कुणाशी, ते त्यालाच ठाऊक. तो छातीपर्यंत चिखलात होता, मोजणीचा लांब दांडा आडवा धरून त्याला मिठी मारून बसलेला, आणि चेहऱ्यावर डासांची दाढी.

"क्लिफ!" तो ओरडला. "लिहून घे! इथे कुरण नाही!"

"हलू नका!" टाउनो ओरडला. "बोलणंही बंद करा, बोलताना हलता तुम्ही!"

"बोलणं थांबवलं की डास ओठांवर बसतात!"

टाउनोने फळ्या एकापुढे एक सारल्या, पोटावर झोपला आणि पुढे सरकत गेला. हिल्माने त्याचे घोटे धरले. हा माणूस आयुष्यात कधी घरातल्या गळक्या छपरावर चढला नाही, आणि आज साठी उलटल्यावर साप होऊन चिखलावर चाललाय. तिला हसावं की त्याच्या पायांना चिमटा काढावा ते कळेना. दोर प्रॅटच्या काखेखालून गेला. मग तिघांनी ओढलं. दलदलीने एक मोठा, असभ्य आवाज केला आणि माणूस सुटला. बूट तिथेच राहिले.

"बूट राहू द्या," हिल्मा नूननला म्हणाली. "ते आणायला मी जात नाही. ती रेघ आणखी ठळक करायची नाही मला."

टाउनो चिखलात माखून खडकावर बसला होता. बराच वेळ तो दलदलीच्या मधल्या भागाकडे बघत राहिला.

"इथून ऐकू येतं," तो त्यांच्या घरच्या फिनिश भाषेत म्हणाला, म्हणजे पाहुण्यांना कळू नये. "ओढ्यावर. वारा असला की सगळं ऐकू येतं. त्या रात्री मला वाटलं, कोल्हा असेल. मग वाटलं, कोल्हा नसेल. मग उजाडलं."

हिल्मा त्याच्या शेजारी बसली. रुमालाने त्याच्या भुवईवरचा चिखल पुसला, जरा जोरातच पुसला.

घरी आल्यावर बादलीत पुन्हा पीठ कालवलं गेलं. प्रॅट चादर गुंडाळून चुलीपाशी बसला. त्याचे मोजे दोरीवर, एकेक उशीच्या अभ्र्याएवढे. त्याने खाल्लेली धिरडी हिल्माने मोजली नाहीत, पण आंबवणाचं मडकं तळाला गेलेलं तिला दिसलं.

नूननने फोटो पुन्हा मांडले आणि पेन्सिल घेतली.

"आता रीतसर विचारतो. मिसेस राउटिओ, घरामागून पितळी ओढ्याला वाट आहे?"

"नाही."

"मिस्टर राउटिओ?"

टाउनो कपात बघत होता. "नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कधीच नव्हती."

पेन्सिल चालली. टाउनोने खाकरून घसा साफ केला. "आणि ती… आज आपण जिथून गेलो… ती?"

"कुठून गेलो?" नूनन म्हणाला. "माझ्या चष्म्यावर डास होते. आणि तशीही, लोकांच्या संडासापर्यंतच्या वाटा नकाशावर घालायची पद्धत नाही आमच्यात."

प्रॅट तोंडात घास असताना हसला आणि त्याला ठसका लागला. टाउनोने उठून त्याच्या पाठीवर थापा मारल्या, गरजेपेक्षा बऱ्याच जास्त आणि बऱ्याच प्रेमाने. मग कुणी न सांगता बाहेर जाऊन तो परात घेऊन आला, ती राखेने घासली आणि तिच्या खुंटीला टांगली. उद्या पहाटे ती पुन्हा जाणार, हे हिल्माला ठाऊक होतं.

"फोटोत दलदलीत उतरणारा हा एक झरा दिसतोय ना, त्याला नाव नाही," नूनन म्हणाला. "तुमचं द्यायचं का, मिसेस राउटिओ? हिल्माचा झरा. दोघांची साक्ष आहेच."

"नको बाई. मग लोक तो बघायला येतील."

"मग घराचं काय? सकाळी म्हणाला होतात, काढून टाका."

हिल्माने दोरीवरच्या त्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं, आणि खाली कुणीतरी, बहुतेक टाउनोने, कपडे धुण्याची बादली ठेवली होती. तिची पिठाची बादली. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"घर राहू द्या," ती म्हणाली. "जिथे दलदल आहे, तिथे दलदल दाखवा. बाकी मला काही नको."